शिस्त, माशी आणि रायफल : एका निवडीचा इतिहास



मागच्या व्याख्यानानंतर एका तरुण श्रोत्याची चिठ्ठी आली होती. प्रश्न सरळ होता. पहिलीच अर्ध-स्वयंचलित रायफल घ्यायची झाली तर कोणती घ्यावी, आणि तिच्यावर नेम धरायला साधी लोखंडी साइट बरी की काचेची? चिठ्ठी वाचून दाखवली तेव्हा सभागृहात थोडं हसू उमटलं. परदेशी चित्रफिती पाहून हा प्रश्न सुचला असणार हे उघड आहे. तिकडे माणूस दुकानात जातो, चार रायफली हाताळून बघतो आणि एक घेऊन घरी येतो. आपल्याकडे असं काही नाही. पण आम्हाला प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा वाटला नाही, कारण हाच प्रश्न आपल्या देशाने एकदा स्वतःला विचारला आहे, अगदी याच शब्दांत : पहिली अर्ध-स्वयंचलित रायफल कोणती, आणि तिची साइट कशी? त्याचं उत्तर शोधण्यात पुण्याच्या माणसांचा हात होता, आणि त्या उत्तराची एक शाखा आपल्या नगरच्या छावणीपर्यंत येऊन पोचते. आजचा विषय तोच.

आधी कायद्याचं संपवू. सैन्याच्या मापाची, म्हणजे .३०३ किंवा ७.६२ मिलिमीटरची रायफल आपल्याकडे सामान्य नागरिकाला परवान्यावर मिळत नाही. अर्ध-स्वयंचलित रायफलीचा रस्ताही जवळजवळ बंदच आहे. शस्त्र अधिनियम १९५९ मध्ये एक मजेशीर तरतूद आहे. स्वसंरक्षणासाठी किंवा शिकारी-खेळासाठी किमान वीस इंच नळीची, आतून गुळगुळीत असलेली बंदूक; आणि पिकाच्या राखणीसाठी ठासणीची बंदूक. अकोल्याच्या किंवा संगमनेरच्या डोंगराकडेला ज्यांची शेती आहे त्यांना रानडुक्कर काय करतं ते सांगायला नको. त्यांच्यासाठी कायद्याने विचार केलेला आहे, पण तो मुख्यतः ठासणीपर्यंतच. एक बार काढा, मग दारू ठासा, मग दुसरा. डुक्कर तोवर पलीकडच्या शिवारात.

ठासणी का, याचं कारण शोधायला मागे जावं लागतं. १८७८ च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाला परवान्याशिवाय शस्त्र बाळगायला बंदी केली आणि युरोपियनांना त्यातून सूट दिली. राष्ट्रसभेच्या सुरुवातीच्या अधिवेशनांपासून या कायद्याविरुद्ध तक्रार होती. स्वातंत्र्यानंतर बारा वर्षांनी, १९५९ मध्ये, नवा कायदा संमत झाला आणि तो अमलात आला १ ऑक्टोबर १९६२ रोजी. ही तारीख लक्षात ठेवा. त्यानंतर एकोणीस दिवसांनी, २० ऑक्टोबरला, चिनी फौजा नामका चू आणि लडाख अशा दोन्ही बाजूंनी उतरल्या. नागरिकाच्या हातात कोणती बंदूक असावी हे आपण ठरवून मोकळे झालो होतो. सैनिकाच्या हातात कोणती असावी हे मात्र अजून ठरायचं होतं.

आता शंभर वर्षं मागे. १८५७ चा उठाव एनफिल्ड रायफलीच्या काडतुसांवरून पेटला, हे शाळेत सगळे शिकतात. त्या काडतुसांच्या चरबीबद्दल आपण खूप बोलतो, रायफलीबद्दल कमी. १८५३ च्या नमुन्याची ती एनफिल्ड त्या काळातलं मोठं पाऊल होती. नळीच्या आत आटे पाडलेले, त्यामुळे गोळी फिरत जाते आणि लांबवर सरळ जाते. आणि ती लांब जाते म्हणून नळीवर मागच्या बाजूला वर-खाली करता येणारी साइट. शिडीसारखी. शेकडो यार्डांवरचं अंतर तिच्यावर कोरलेलं. शिपायाने अंतराचा अंदाज घ्यायचा, पट्टी त्या आकड्यावर सरकवायची, मग नेम धरायचा. म्हणजे त्या शिडीने शिपायाकडून काहीतरी मागितलं होतं. तुझ्या डोळ्याने अंतर मोज, आणि तुझ्या बुद्धीने ठरव.

उठाव मोडल्यावर इंग्रजांनी काय केलं? हिंदी पलटणींसाठी त्याच एनफिल्डचा एक वेगळा नमुना काढला. आतले आटे खरवडून नळी गुळगुळीत केली. आणि मागची शिडी काढून तिथे पक्की, न हलणारी एक खाच बसवली. बाहेरून बघितलं तर तीच बंदूक, तेच लाकूड, तीच लांबी. पण लांबचं बघण्याची सोय तिच्यातून काढून टाकलेली. आम्हाला या घटनेचं महत्त्व फार वाटतं. बंदूक काढून घेतली असती तर गोष्ट साधी होती. त्यांना शिपाई हवाच होता, बंदूकही त्याच्या हातात हवीच होती. त्याचा नेम मात्र नको होता. पुढेही हा रिवाज चालू राहिला. गोऱ्या पलटणीकडे मार्टिनी-हेन्री आली तेव्हा हिंदी शिपायाकडे स्नायडर, गोऱ्यांकडे पुढची आली तेव्हा यांच्याकडे मार्टिनी. कायम एक पिढी मागे.

आपल्या जिल्ह्याला याची झळ लागली नव्हती असं समजू नका. ४ ऑक्टोबर १८५७ रोजी नांदूर शिंगोट्याला भागोजी नाईक आणि त्यांच्या भिल्ल साथीदारांशी झालेल्या चकमकीत नगरचा पोलीस सुपरिंटेंडेंट लेफ्टनंट हेन्री मारला गेला. हे गाव आज सिन्नर तालुक्यात, नाशिक जिल्ह्यात आहे. तेव्हा नगर जिल्ह्यात होतं. भागोजी नाईक दोन वर्षं सापडले नाहीत. नोव्हेंबर १८५९ मध्ये मिठसागरला लढताना ते पडले. दिल्ली-मेरठपासून इतक्या दूरच्या या डोंगरांतही कोणाच्या हातात कोणतं शस्त्र असावं हा प्रश्न सरकारला झोपू देत नव्हता.

आणि शस्त्र कोणाच्या हातात द्यायचं याची दुसरी बाजू जातीची. 'लढाऊ जाती' नावाची एक कल्पना विलायतेत शिजली आणि १८९० च्या दशकात महारांची सैन्यभरती बंद झाली. गोपाळबाबा वलंगकर, नंतर शिवराम जानबा कांबळे यांनी अर्ज केले, विनंत्या केल्या. स्वतःच्या आज्या-पणज्यांनी बंदूक वाहिली होती याची आठवण सरकारला करून दिली. महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली ती १ ऑक्टोबर १९४१ रोजी, बेळगावला. थोड्याच वर्षांत तिला मशीनगनचं काम दिलं गेलं आणि तिच्या बिल्ल्यावर दोन व्हिकर्स गन आल्या. ज्यांना साधी बंदूक द्यायला सरकार कां कूं करत होतं, त्यांच्याकडे सगळ्यात वेगाने झाडणारं शस्त्र सोपवलं गेलं. हा विषय स्वतंत्र व्याख्यानाचा आहे, इथे फक्त नोंद करून पुढे जातो.

आता .३०३ कडे येऊ. आपल्या गावागावांतल्या माजी सैनिकांच्या तोंडी ती 'थ्री नॉट थ्री'. ली-एनफिल्ड, नंबर एक, मार्क तीन. बंगालमधल्या ईशापूरच्या रायफल कारखान्यात ती पहिल्या महायुद्धाच्या आधीपासून तयार होत होती. दहा गोळ्यांचं मॅगझिन, आणि प्रत्येक गोळीनंतर उजव्या हाताने बोल्ट उचलायचा, मागे ओढायचा, पुढे ढकलायचा, खाली दाबायचा. तिला हळू म्हणू नका. १९१४ मध्ये तयार इंग्रज शिपाई मिनिटाला पंधरा गोळ्या नेम धरून झाडत असे.

या रायफलीची साइट बघा. नळीच्या मध्यावर एक पट्टी, तिच्यावर आकडे २०० पासून २००० यार्डांपर्यंत. दोन हजार यार्ड म्हणजे पावणेदोन किलोमीटरच्या वर! तिथे उभा माणूस उघड्या डोळ्याला ठिपकासुद्धा दिसत नाही. मग हे आकडे कशासाठी? एका माणसाने एका माणसावर नेम धरावा यासाठी नव्हेच. साहेब अंतर सांगणार, अख्खी कंपनी पट्टी त्या आकड्यावर लावणार, आणि सगळे मिळून एका मैदानावर गोळ्यांचा पाऊस पाडणार. सुरुवातीच्या नमुन्यांत तर याहून लांबच्या माऱ्यासाठी बाजूला एक वेगळी तबकडीही होती, ती पहिल्या महायुद्धात काढून टाकली. म्हणजे पट्टी परत मिळाली, पण आकडा ठरवणार दुसराच कोणीतरी. इंग्लंडने दुसऱ्या महायुद्धात नंबर चारची रायफल घेतली, तिला मागे डोळ्याजवळ छिद्राची साइट दिली. ईशापूरमध्ये मात्र जुनाच मार्क तीन होत राहिला, उघड्या खाचेचा.

पोलिसांची गोष्ट याहून बोलकी आहे. त्यांच्यासाठी आणि तुरुंगाच्या पहारेकऱ्यांसाठी याच रायफलीच्या नळ्या खरवडून .४१० ची एकबारी मस्केट केली गेली. पोलिसाच्या हातातून बंदूक गेली तरी ती कोणाच्या उपयोगी पडू नये, हा विचार. १८५८ चीच युक्ती पुन्हा.

आता १९६२. आपल्याकडे त्या पराभवाची एक सोपी कथा झाली आहे : चिन्यांकडे स्वयंचलित शस्त्रं, आमच्याकडे जुनाट थ्री नॉट थ्री, म्हणून हरलो. यात खरं आहे. समोरच्या सैन्याकडे रशियन नमुन्यावरच्या अर्ध-स्वयंचलित आणि स्वयंचलित रायफली होत्या, आणि जवळच्या लढाईत बोल्ट ओढणाऱ्याचं त्यांच्यापुढे चालत नाही. पण रायफलीवर सगळं ढकलणं आम्हाला सोयीचं राजकारण वाटतं. नामका चूच्या जवानांकडे थंडीचे कपडे नव्हते, काडतुसं मोजकी होती, रस्ते नव्हते, आणि कुठे लढायचं हे दिल्लीत बसून ठरवलं गेलं होतं. ब्रिगेडियर दळवींनी पुढे हे सगळं लिहिलं. १८ नोव्हेंबरला रेझांग ला इथे कुमाऊं रेजिमेंटच्या तेराव्या पलटणीची एक कंपनी याच थ्री नॉट थ्रीने शेवटच्या माणसापर्यंत लढली. रायफल दोषी ठरली कारण ती बोलत नाही, आणि तिच्यामागे मंत्री नाही.

नोव्हेंबर १९६२ मध्ये यशवंतराव संरक्षणमंत्री झाले. 'हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला' हे वाक्य आपल्या पिढीने हजारदा ऐकलं आहे. पंतप्रधान होते नेहरू. ज्या भुईकोट किल्ल्यात इंग्रजांनी त्यांना १९४२ ते ४५ कैदेत ठेवलं होतं तो इथून किती लांब आहे ते तुम्हाला माहीत आहे. किल्ल्यात बसून हिंदुस्थानचा इतिहास लिहिणाऱ्या माणसाला सतरा वर्षांनी सैनिकाच्या खांद्यावरच्या लाकूड-लोखंडाचा हिशेब द्यावा लागला.

नवी रायफल कोणती? त्या काळात अर्ध्या जगाने एकच घेतली होती, बेल्जियमच्या एफएन कंपनीची फाल. दियुदोने सैव्ह नावाच्या रचनाकाराची ती रचना. नळीत गोळीमागे जो वायू येतो, त्यातला थोडा एका छिद्रातून वळवून दट्ट्यावर सोडायचा. दट्ट्या बोल्टला मागे ढकलतो, रिकामं काडतूस बाहेर, स्प्रिंगने बोल्ट पुढे, नवं काडतूस आत. चाप एकदा ओढला की एक गोळी. पुन्हा ओढायचा, पुन्हा एक. यालाच अर्ध-स्वयंचलित म्हणतात. चाप दाबून धरला की गोळ्या सुटतच राहिल्या, तर ती पूर्ण स्वयंचलित.

बेल्जियमचा मूळ नमुना दोन्ही करत होता. इंग्लंडने आणि ऑस्ट्रेलियाने घेताना तिचा स्वयंचलित भाग काढून टाकला, आणि आपणही तेच केलं. कारण साधं आहे. ७.६२ ची ती गोळी दमदार आहे, खांद्याला जोराचा धक्का देते. सलग झाडायला लागलं तर दुसरी-तिसरी गोळी आकाशात जाते, आणि वीस गोळ्यांचं मॅगझिन बघता बघता संपतं. डोंगरावर काडतूस माणसाच्या पाठीवरून जातं, हे ज्यांना ठाऊक होतं त्यांनी निर्णय घेतला.

नमुना इंग्लंडचा घ्यायचा, ऑस्ट्रेलियाचा की बेल्जियमचा? सगळीकडून बोलावणी होती. पुण्यात १९५८ मध्ये स्थापन झालेल्या शस्त्रास्त्र संशोधन संस्थेने, एआरडीईने, वेगवेगळे नमुने उकलून, भाग मोजून, स्वतःचाच एक नमुना बसवला. ना पुरता इंचांचा, ना पुरता मिलिमीटरचा. बेल्जियमच्या कंपनीला हे समजल्यावर ती अर्थातच चिडली, कोर्टकचेरीची भाषा झाली. शेवटी भारताने त्यांच्याकडून काही तयार रायफली विकत घ्यायच्या असं ठरून प्रकरण मिटलं. परवाना न घेता नक्कल केली, ही गोष्ट नीतीच्या कसोटीवर कशी उतरते हे विचारण्याचा आम्हाला, तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माणसांना, अधिकार आहे. आमचं मत असं की देशावर वेळ आली होती हे खरं, पण ते कारण होतं, समर्थन नव्हे. १९६३ पासून ईशापूरमध्ये उत्पादन सुरू झालं. अधिकृत नाव १ए१. जवानांच्या तोंडी एसएलआर, सेल्फ लोडिंग रायफल. १९७१ च्या युद्धापर्यंत ती पायदळाची मुख्य रायफल झाली होती.

आता साइटकडे या, कारण चिठ्ठीतल्या प्रश्नाचा अर्धा भाग तो होता, आणि आमच्या मते खरा भाग तोच आहे.

.३०३ वर नेम धरताना डोळ्याला तीन गोष्टी एकाच रेषेत आणाव्या लागतात : मागची खाच, नळीच्या टोकावरची माशी, आणि लक्ष्य. तिन्ही वेगवेगळ्या अंतरावर, आणि डोळा एका वेळी एकाच अंतरावर स्थिर होतो. खाच बघितली तर माशी पुसट, माशी बघितली तर माणूस पुसट. एसएलआरवर मागे डोळ्याजवळ एक लहान छिद्र आहे. छिद्राकडे बघायचं नाही, छिद्रातून बघायचं. डोळा आपोआप वर्तुळाचा मध्य शोधतो. हे शिकवावं लागत नाही. आणि लहान छिद्रातून बघितल्यावर जवळचं-लांबचं दोन्ही जरा स्पष्ट दिसतं. चष्मा विसरला की आपण मुठीची बारीक फट करून पाटी वाचतो, तेच तत्त्व. तीन गोष्टींच्या दोन झाल्या.

माशी आणि छिद्र यांच्यात साधारण अर्धा मीटर अंतर असतं, एसएलआरमध्ये थोडं जास्त. या अर्ध्या मीटरवर माशी एक मिलिमीटर सरकली तर तीनशे मीटरवर गोळी साठ सेंटिमीटर बाजूला जाते. छातीवर धरलेला नेम दंडाच्याही पलीकडे. म्हणून नवी रायफल हातात आली की जवान पहिलं काम करतो ते तिला 'झिरो' करण्याचं. पाच गोळ्या एकाच ठिकाणी नेम धरून झाडायच्या, त्या कुठे एकत्र पडल्या ते बघायचं, मग माशी स्क्रूसारखी फिरवून वर-खाली करायची, मागची साइट बाजूच्या स्क्रूंनी डावी-उजवी. एकाची रायफल दुसऱ्याला जशीच्या तशी लागू पडत नाही, कारण डोळा वेगळा, गाल दस्त्यावर टेकवायची पद्धत वेगळी. मागच्या पट्टीवर आकडे २०० ते ६०० पर्यंतच. दोन हजारांचा तो साहेबी आकडा गेला. जेवढं तुला स्वतःला दिसतं तेवढंच, पण ते तुझ्या डोळ्याने.

इथे एक शब्द सांगायचा मोह आवरत नाही. फौजेत नेम धरण्याला आजही 'शिस्त लेना' म्हणतात. माजी सैनिकांना विचारा. शिस्त हा फारसीतून आलेला शब्द, आणि जुन्या मराठीतही त्याचा अर्थ नेम, रोख असाच होता. तोफेची शिस्त धरायची, बाणाची शिस्त बांधायची. नंतर त्यातून वळण, पद्धत, आणि मग शाळेतली शिस्त आली. रांगेत उभं राहणं हा त्या शब्दाचा फार उशिरा आलेला अर्थ आहे. मूळ अर्थ डोळ्याचा आहे.

आणि अर्ध-स्वयंचलित रायफलीचा खरा फायदाही इथेच आहे. लोक वेगाबद्दल बोलतात. पण बोल्टच्या रायफलीत प्रत्येक गोळीनंतर हात चापावरून उठतो, गाल हलतो, शिस्त मोडते, आणि पुन्हा पहिल्यापासून बांधावी लागते. एसएलआरमध्ये धक्का बसतो, पण हात जागेवर आणि डोळा छिद्रामागेच राहतो. म्हणून ही रायफल आणि ही साइट वेगळ्या निवडता येत नाहीत. रायफल आधी ठरवू, साइट मागाहून बघू, असं म्हणणाऱ्याला निम्मा प्रश्न समजलेला नाही.

एक छोटा पुरावा देतो. एसएलआर सगळ्यांना पुरेपर्यंत मधला मार्ग म्हणून ईशापूरने जुनी बोल्टचीच रायफल चांगल्या पोलादात, ७.६२ च्या नव्या गोळीसाठी काढली. बारा गोळ्यांचं मॅगझिन. तिचं नाव २ए. तिच्यावर पट्टी जुनीच ठेवली होती, २००० ची. पुढे सुधारलेली २ए१ आली तेव्हा पट्टी बदलली आणि वरचा आकडा ८०० झाला. बाकी रायफल जवळजवळ तीच. इंग्रज जाऊन पंधरा-वीस वर्षं झाल्यावर त्यांचा तो दोन हजारांचा आकडा पुसला गेला तो एका दुय्यम, राखीव रायफलीच्या पट्टीवर. कुठल्याही सरकारी समारंभात याची वाच्यता झालेली नाही.

आता आपल्या छावणीकडे. नगर हे रणगाड्यांचं गाव. आर्मर्ड कोअरचं केंद्र इथे, रणगाड्यांचं संग्रहालय इथे, खारे-कर्जुन्याची रेंज इथे. आमच्या गावाचा तोफा-बंदुकांशी संबंध त्याहून जुना आहे : विजापूरची मुलूखमैदान तोफ निजामशाहीत इथेच ओतली गेली. पण आजच्या विषयाला लागून आहे ती मेकनाइज्ड इन्फंट्री. ही रेजिमेंट १९७९ मध्ये उभी राहिली आणि तिचं केंद्र नगरला आहे. चिलखती बीएमपी गाडीतून लढणारं हे पायदळ. गाडीच्या बाजूंना छिद्रं असतात, आतले जवान त्यांतून रायफलीची नळी बाहेर काढून मारा करतात.

विचार करा, हलत्या गाडीत, छिद्रातून बाहेर नळी. तिथे डोळा रायफलीच्या साइटमागे जाऊच शकत नाही. बाहेरचं दिसतं ते वेगळ्या पेरिस्कोपमधून. शिस्त बांधायची कशी? अशा जागेसाठी एसएलआरचाच एक प्रकार काढला गेला, १सी, जो पूर्ण स्वयंचलित आहे. जिथे डोळा साइटमागे होता तिथे चाप एका गोळीवर बांधला. जिथे डोळा दूर झाला तिथे चाप सोडला. काही लोक म्हणतील हा निव्वळ तांत्रिक योगायोग. आम्हाला तसं वाटत नाही. निवड करणाऱ्यांना आपण काय करतो आहोत ते नीट कळलं होतं.

नव्वदच्या दशकात ५.५६ मिलिमीटरची इन्सास आली, तीही पुण्याच्याच एआरडीईची रचना. हलकी गोळी, कमी धक्का, आणि एका चापात तीन गोळ्यांची सोय. तिच्याबद्दल तक्रारीही पुष्कळ झाल्या, त्यात आज शिरत नाही. २०१९ मध्ये लष्कराने ७२,४०० सिग रायफली मागवल्या त्या पुन्हा ७.६२ च्या, एसएलआरच्याच गोळीच्या मापाच्या. आणि लोखंडी छिद्राच्या जागी आता जगभर काच येते आहे, लाल ठिपक्याची. ठिपका लक्ष्यावर ठेवला की झालं. दोनाची एकच गोष्ट उरते. जवळच्या झटापटीत ती नक्कीच बरी. पण काच फुटते, तिच्यात धुकं धरतं, सेल संपतो, आणि तेव्हा खाली लोखंडाची माशी लागतेच. नवशिक्याने आधी लोखंडावर शिकावं, असं जुने उस्ताद सांगतात आणि आम्हालाही ते पटतं.

राहता राहिले पोलीस. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसवर दोघे जण एके रायफली घेऊन शिरले, पन्नासहून अधिक माणसं मारली गेली. तिथल्या पहाऱ्यावरच्या शिपायांकडे काय होतं? लाठ्या, आणि काहींकडे तीच थ्री नॉट थ्री. त्यांतल्या काहींनी त्या रायफलीनेही तोंड दिलं, हे विसरता कामा नये. थोड्या वेळाने गिरगाव चौपाटीवर साताऱ्याच्या केडंब्याचे तुकाराम ओंबळे यांनी हातात फक्त लाठी असताना समोरच्याच्या रायफलीची नळी धरली आणि सोडली नाही.

नंतर राम प्रधान समितीने चौकशी केली. वर्तमानपत्रांतून चर्चा झाली ती नव्या शस्त्रांची : कोणती रायफल, किती, कोणत्या देशातून. अहवालात आणखी एक गोष्ट होती, तिच्यावर फार कमी बोललं गेलं. मुंबईच्या पोलिसांना सरावासाठी काडतुसंच पुरेशी मिळत नव्हती. शिपायाच्या खांद्यावर रायफल होती, तिच्यावर खाच होती, माशी होती, २००० पर्यंतची पट्टीही होती. शिस्त बांधायला लागणाऱ्या पाच गोळ्या मात्र त्याला वेळेवर दिल्या गेल्या नव्हत्या.